घरच्या टर्बो बांधणीसाठी पाईपचा धातू आणि वेल्डिंगची पद्धत कशी निवडावी

घरच्या गॅरेजमध्ये इंजिनाला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने चाक फिरवून इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र, जोडायचे ठरवणारा नवशिका टर्बोच्या निवडीवर कित्येक महिने विचार करतो, आणि पाईपचा प्रश्न मात्र शेवटी दुकानात जो पाईप हाती लागेल त्यावर सोडून देतो. वास्तविक इंजिनापासून टर्बोपर्यंतच्या एक्झॉस्ट पाईपचा प्रत्येक जोड टर्बाइनच्या चाकाच्या आधी येतो. लहान टर्बोचे हे चाक मिनिटाला दोन लाखांपर्यंत फेरे घेते, आणि जोडाच्या आतून सुटलेला वेल्डिंगचा एखादा कण किंवा स्लॅगचा, म्हणजे जोडावर जमणाऱ्या कडक मळीचा, तुकडा थेट त्यावर जाऊन आदळतो. म्हणून पुढच्या सर्व विवेचनामागे एकच आग्रह आहे: आपल्याला किंवा आपल्या कारागिराला जी वेल्डिंग आतून-बाहेरून स्वच्छ जमते ती आधी ठरवावी, आणि त्या वेल्डिंगला साजेसा धातू मग निवडावा. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात. ते चकचकीत, पातळ स्टेनलेस पाईप आधी विकत घेतात आणि तो जोडायचा कसा, हे नंतर शोधत बसतात.

उदाहरणादाखल मारुती जिप्सीचे १२९८ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन घेऊ. मूळ स्वरूपात ते सुमारे ८० अश्वशक्ती देते. त्यावर ०.६ बारचा माफक बूस्ट, म्हणजे वातावरणापेक्षा तेवढा जादा हवेचा दाब, देऊन १२० अश्वशक्तीच्या आसपास जायचे, असे उद्दिष्ट धरू. इंधन, इग्निशन आणि ट्यूनिंग हे स्वतंत्र विषय असल्याने त्यांचा येथे विचार केलेला नाही. आणखी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनमालकाला स्वतःच्या मर्जीने करता येत नाही. त्यामुळे हे मार्गदर्शन बंदिस्त ट्रॅक, खासगी जमीन आणि ऑफ-रोड स्पर्धांसाठीच्या वाहनांपुरते आहे, रोजच्या रस्त्यावरील वाहनासाठी नाही.

पहिली पायरी: तापमानाचा नकाशा काढणे

कोणताही पाईप विकत घेण्यापूर्वी एका कागदावर संपूर्ण मार्ग काढावा आणि प्रत्येक तुकड्यापुढे त्याला सोसावे लागणारे तापमान लिहावे. सिलिंडर हेडपासून टर्बोपर्यंतचा मॅनिफोल्ड हा सर्वांत कठीण भाग आहे, कारण पेट्रोल इंजिनात पूर्ण भारावर येथील वायूचे तापमान ८५० ते ९५० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. डिझेलमध्ये ते बरेच कमी असते, आणि म्हणूनच डिझेल गाडीच्या मॅनिफोल्डवर जे वर्षानुवर्षे टिकले ते पेट्रोलवर टिकेलच असे मानू नये. टर्बोनंतरच्या डाऊनपाईपमध्ये वायू थोडा थंड झालेला असतो, शिवाय या पाईपवर टर्बोचे वजनही नसते.

दुसरी बाजू थंड म्हटली जाते, पण ती सर्वत्र थंड नसते. आत येणारी हवा ४० अंशांची असेल, जी विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात अगदी सामान्य बाब आहे, आणि कॉम्प्रेसरची, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाची, कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ०.६ बार बूस्टला कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी हवा १०० अंशांच्या थोडी वर गेलेली असते. इंटरकूलरनंतर, म्हणजे ही दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीनंतर, ती पुन्हा खाली येते. हा १०० अंशांचा आकडा लक्षात ठेवावा, कारण अॅल्युमिनिअमसाठी फिलर वायर, म्हणजे जोडात वितळवून भरायची तार, निवडताना त्याचे काम पडणार आहे.

दुसरी पायरी: आपल्याकडे कोणती वेल्डिंग आहे ते पाहणे

आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये तीन पद्धती तीन नावांनी ओळखल्या जातात. रॉडच्या वेल्डिंगला आर्क म्हणतात, वायरच्या मिग वेल्डिंगला सीओटू म्हणतात, आणि टिग वेल्डिंगला आर्गन म्हणतात. तिन्ही पद्धतींनी पोलाद जोडता येते. मात्र टर्बोच्या कामात त्यांचे मोल सारखे नाही.

आर्क वेल्डिंगचे मशिन स्वस्त असते आणि जवळजवळ प्रत्येक गावात मिळते. परंतु रॉडवरच्या फ्लक्समुळे, म्हणजे वेल्डला हवेपासून झाकणाऱ्या लेपामुळे, जोडावर स्लॅगचा थर बसतो. बाहेरचा थर हातोडीने काढता येतो, पण आत रूटवर, म्हणजे जोडाच्या आतल्या तळाशी, उतरलेला स्लॅग वाकलेल्या एल्बोच्या पोटात हात पोहोचत नसल्याने तसाच राहतो, आणि पुढे तापून-निवून सुटतो. त्यामुळे मॅनिफोल्डच्या नळ्यांसाठी मी आर्क वेल्डिंग सुचवणार नाही. टर्बोचा आधार देणारी ब्रॅकेट, स्टँड किंवा चॅसिसवरच्या पट्ट्या यांसाठी ती उत्तम आहे. गॅसशिवाय चालणाऱ्या फ्लक्सच्या वायरलाही हीच हरकत लागू पडते. अशी वायर चालवणारी तीन कामांची एकत्रित छोटी इन्व्हर्टर मशिन हल्ली घरगुती वापरासाठी सर्रास विकली जातात, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

सीओटू वेल्डिंगमध्ये स्लॅग नगण्य असतो आणि वेग चांगला मिळतो. जाड भिंतीच्या साध्या पोलादी पाईपसाठी ही पद्धत नवशिक्याला झेपण्यासारखी आहे. तिचा धोका निराळा आहे. बाहेरून भरदार आणि सुंदर दिसणारा जोड आत धातूत नीट शिरलेलाच नसतो. हे टाळण्यासाठी पाईपच्या कडांना उतार द्यावा, ०.८ मि.मी. वायर वापरावी, आणि त्याच पाईपच्या टाकाऊ तुकड्यावर आधी जोड करून तो आडवा कापून पाहावा. कापलेल्या तोंडावर दोन पाईपांमधील मूळ रेषा दिसत असेल, तर अँपिअर कमी पडत आहेत किंवा फट अपुरी आहे. शुद्ध कार्बन डायऑक्साइडऐवजी ८० टक्के आर्गन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण मिळाले, तर उडणाऱ्या थेंबांचे प्रमाण बरेच घटते. आत चिकटलेला प्रत्येक थेंब टर्बाइनच्या वाटेवर असल्याने हा खर्च वाया जात नाही. स्टेनलेसवर मात्र शुद्ध कार्बन डायऑक्साइड कधीही वापरू नये, कारण त्यातून जोडात कार्बन शिरतो आणि स्टेनलेसचा मुख्य गुणच उणावतो.

आर्गन वेल्डिंग सर्वांत संथ आणि शिकायला सर्वांत अवघड आहे, परंतु तिच्यात थेंब उडत नाहीत, स्लॅग नसतो, आणि वितळलेले धातूचे डबके डोळ्यांसमोर स्पष्ट दिसते. पोलाद आणि स्टेनलेससाठी डीसी प्रवाह लागतो आणि टॉर्चमधली टंगस्टनची सुई ऋण ध्रुवाला जोडावी लागते. अॅल्युमिनिअमला एसी लागतो. त्यामुळे फक्त डीसी देणारे मशिन घेतले असेल तर अॅल्युमिनिअमचा विचार तेथेच थांबतो. अंदाज असा की दर मिलिमीटर जाडीला सुमारे ४० अँपिअर लागतात, म्हणजे २.७७ मि.मी. भिंतीच्या पाईपला साधारण ११० अँपिअर. घरच्या वीजजोडणीच्या दृष्टीने येथे एक अनुकूल गोष्ट आहे. टिगच्या ज्योतीला व्होल्टेज कमी लागते, त्यामुळे त्याच ११० अँपिअरला टिग मशिन रॉड वेल्डिंगपेक्षा बरेच कमी वीज ओढते, आणि १६ अँपिअरच्या स्वतंत्र सर्किटवर हे काम बहुधा निभावते. वायरिंग जुने असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

मशिन विकत न घेता हे काम करण्याचा एक मार्ग आहे आणि पहिल्या बांधणीसाठी मला तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो. मापे, काप आणि जुळणी घरी करावी, फक्त टाके, म्हणजे वेल्डचे छोटे तात्पुरते ठिपके, मारून घ्यावेत, आणि पूर्ण वेल्डिंग अनुभवी कारागिराकडून करून घ्यावे. महाराष्ट्रात यासाठी योग्य हात शोधायला फार लांब जावे लागत नाही. दूधसंघ आणि औषधनिर्मिती कारखान्यांची स्टेनलेस पाईपलाइन जोडणारे फॅब्रिकेटर आतून आर्गन सोडून वेल्डिंग करण्यात तरबेज असतात, कारण तेथे जोडाची आतली बाजू गुळगुळीत असणे बंधनकारकच असते. साखर कारखान्यांच्या बॉयलरवर काम करणारे, भारतीय बॉयलर विनियमांनुसार प्रमाणपत्र मिळवलेले वेल्डर जाड पोलादी पाईपचा रूट पास ज्या सफाईने घालतात, ती सफाई आपल्या मॅनिफोल्डला हवी असते. कारागिराला नुसते ‘सायलेन्सरचे काम आहे’ असे सांगू नये. आतली बाजू स्वच्छ का हवी आणि पाईप किती तापणार आहे, हे नीट समजावून सांगावे.

तिसरी पायरी: मॅनिफोल्डचा धातू

नवशिक्यासाठी माझी पहिली पसंती जाड भिंतीच्या साध्या पोलादाला आहे. ए १०६ ग्रेड बी हा उच्च तापमानाच्या कामासाठी बनवलेला, बिनजोड म्हणजे सीमलेस पाईप असतो, आणि त्याला जुळणारे बट वेल्ड एल्बो ए २३४ डब्ल्यूपीबी या नावाने मिळतात. एल्बो घेताना लाँग रेडियसचेच घ्यावेत, म्हणजे वायूचे वळण सुखाने होते. या धातूची मर्यादा लपवण्याचे कारण नाही. साधारण ५५० अंशांच्या पुढे साध्या पोलादावर ऑक्साइडचे पापुद्रे झपाट्याने धरू लागतात. एक्झॉस्टमध्ये मोकळा ऑक्सिजन कमी असल्यामुळे आतली बाजू बाहेरच्या मानाने कमी खराब होते, तरीही असा मॅनिफोल्ड कायमचा नसतो. पण ३.५ मि.मी. जाडीची भिंत, माफक बूस्ट आणि स्पर्धेपुरता वापर असेल, तर तो दीर्घकाळ साथ देतो. त्याला आतून आर्गन सोडण्याची सक्ती नसते आणि चूक झाली तर कापून पुन्हा जोडणे स्वस्तात होते.

स्टेनलेसमध्ये ३०४ एल हा व्यवहार्य पर्याय आहे. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, आणि अधूनमधून तापण्याच्या वापरातही ते सुमारे ८७० अंशांपर्यंत पापुद्रे धरत नाही. ‘एल’ याचा अर्थ कार्बन ०.०३ टक्क्यांपेक्षा अधिक नाही. हे महत्त्वाचे अशासाठी की ४२५ ते ८६० अंशांच्या दरम्यान स्टेनलेसमधला कार्बन क्रोमियमशी संयोग पावून कणांच्या सीमांवर साचतो, तेथील क्रोमियम कमी होते आणि जोडाच्या शेजारची पट्टी दुबळी पडते. आपला मॅनिफोल्ड याच तापमानात तासन्‌तास राहणार आहे. टायटॅनियम मिसळलेले ३२१ हे यावरचे खरे उत्तर आहे. मात्र ते महाग आहे आणि किरकोळीत सहज मिळत नाही, म्हणून पहिल्या बांधणीत त्याचा आग्रह धरू नये.

स्टेनलेसची दुसरी अडचण प्रसरणाची आहे, आणि नवशिके तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष करतात. ३०० मि.मी. लांबीचा तुकडा ७०० अंशांनी तापला, तर साध्या पोलादात तो जवळजवळ ३ मि.मी. आणि ३०४ मध्ये जवळजवळ ४ मि.मी. वाढतो. हेडला घट्ट बसलेली फ्लँज, म्हणजे बोल्टने आवळायची जाड पट्टी, मात्र हेडमधल्या पाण्यामुळे तुलनेने थंड राहते. म्हणजे एकाच वस्तूची एक बाजू लांब होऊ पाहते आणि दुसरी तिला रोखून धरते. यातूनच पोर्टजवळचे, म्हणजे हेडमधल्या एक्झॉस्टच्या तोंडांजवळचे, जोड तडकतात. उपाय दोन आहेत. सर्व वेल्डिंग पूर्ण झाल्यावर फ्लँज पोर्टांच्या मधोमध कापून वेगळी करावी, आणि टोकाकडची बोल्टची छिद्रे किंचित लांबट ठेवावीत. स्टेनलेस वापरणार असाल तर हे दोन्ही उपाय सोडू नयेत.

भिंतीची जाडीही यातच येते. बाजारात पाईप आणि ट्यूब या दोन वेगळ्या मापांच्या वस्तू आहेत. ट्यूब बाहेरच्या व्यासाने ओळखली जाते, तर पाईपचे नाव केवळ नाममात्र मापाचे असते. ३२ एनबी, म्हणजे सव्वा इंची पाईपचा बाहेरचा व्यास ४२.२ मि.मी. असतो. शेड्यूल हा भिंतीच्या जाडीचा क्रमांक असतो. शेड्यूल १० मध्ये त्याची भिंत २.७७ मि.मी. आणि शेड्यूल ४० मध्ये ३.५६ मि.मी. भरते. जिप्सीच्या इंजिनाला दोन्ही पुरेसे मोठे आहेत. साधे पोलाद घेतले तर शेड्यूल ४० घ्यावे, ३०४ एल घेतले तर शेड्यूल १० चालते. दीड मिलिमीटर भिंतीच्या ट्यूबचे समान लांबीचे, वेटोळे घेत जाणारे मॅनिफोल्ड चित्रांत आकर्षक दिसतात, पण टर्बोचे वजन त्यांच्यावर टाकता येत नाही आणि त्यांचा प्रत्येक जोड निष्णात हाताचाच लागतो. पहिल्या बांधणीसाठी एका आडव्या नळीत चारही पोर्ट उघडणारा साधा लॉग मॅनिफोल्ड घ्यावा. थोडी ताकद कमी मिळेल, पण जोड कमी असतील आणि प्रत्येक जोडापर्यंत टॉर्च पोहोचेल.

आता जे घेऊ नये त्याविषयी. जीआय पाईप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा पाईप, या कामात मुळीच आणू नये. जस्त ९०७ अंशांना उकळते, वेल्डिंगच्या ज्योतीत त्याचा पांढरा धूर होतो, आणि तो श्वासातून गेल्यास थंडी वाजून ताप भरतो. अॅसिडने किंवा ग्राइंडरने मुलामा काढून वापरू, असे म्हणणारे भेटतात, पण आतला मुलामा पूर्ण निघत नाही आणि त्याच किमतीच्या आसपास काळा पाईप मिळत असताना हा खटाटोप करण्याचे कारण नाही. जिन्याच्या रेलिंगसाठी आणि फर्निचरसाठी विकला जाणारा स्टेनलेस पाईप हा दुसरा सापळा. तो बहुतेक वेळा २०२ किंवा तत्सम ग्रेडचा असतो, ज्यात निकेलची जागा बऱ्याच अंशी मँगनीजने घेतलेली असते. लोहचुंबकाने हा फरक कळत नाही, कारण २०२ आणि ३०४ दोन्ही चुंबकाला जवळजवळ प्रतिसाद देत नाहीत. दुकानदाराकडे चाचणी प्रमाणपत्र मागावे आणि पाईपवरचा हीट नंबर (धातूच्या वितळणीच्या खेपेचा क्रमांक) त्याच्याशी जुळतो का ते पाहावे. भंगार व्यापारी वापरतात ते मँगनीज ओळखणारे चाचणी-द्रावण आणि ९ व्होल्टची बॅटरी जवळ ठेवली, तर शंका तिथल्या तिथे फिटते. मुंबईत गिरगावातल्या खेतवाडी आणि सी. पी. टँक परिसरात स्टेनलेस पाईप व फिटिंगचे असंख्य व्यापारी आहेत, आणि तेथे प्रमाणपत्र मागणाऱ्या गिऱ्हाईकाकडे कोणी आश्चर्याने पाहत नाही.

मूळ ओतीव मॅनिफोल्ड कापून त्याला टर्बोची फ्लँज जोडावी का, असाही प्रश्न येतो. ओतीव लोखंडाला निकेलच्या रॉडने, आधी चांगले तापवून आणि नंतर अतिशय सावकाश निववून जोडता येते, पण रोज तापण्या-निवण्याच्या चक्रात असा जोड टिकेल याची खात्री देता येत नाही. सुरुवात करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

चौथी पायरी: फिलर

येथे चूक करायला वाव नाही, म्हणून थेट सांगतो. साध्या पोलादाला ईआर ७० एस-२ किंवा ७० एस-६, ३०४ ला ३०८ एल, ३२१ ला ३४७, आणि साधे पोलाद व स्टेनलेस एकमेकांना जोडायचे असतील तर ३०९ एल. पोलादी फ्लँज आणि स्टेनलेस नळ्या असा मिश्र मॅनिफोल्ड नवशिक्याने टाळलेला बरा, कारण दोन्हींचे प्रसरण वेगळे असते आणि ताण नेमका जोडावर येतो. पितळी ब्रेझिंग एक्झॉस्टच्या बाजूला निषिद्ध समजावे.

पाचवी पायरी: जुळणी, टाके आणि फ्लँज

टर्बो कोठे बसेल हे आधी पुठ्ठा आणि पीव्हीसीच्या तुकड्यांनी ठरवावे. तेलाचे परतीचे तोंड जवळजवळ सरळ खाली असले पाहिजे, आणि ते संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) तेलाच्या पातळीच्या वर उघडले पाहिजे. ब्रेकच्या नळ्या, इंधनाच्या नळ्या आणि स्टिअरिंगचा दांडा यांपासून अंतर ठेवावे. प्रत्येक नटवर पाना फिरेल एवढी जागा आहे का, हे टाके मारण्यापूर्वीच तपासावे.

हेडची फ्लँज १० ते १२ मि.मी. जाडीची, लेझरने कापलेली घ्यावी. वेल्डिंगच्या उष्णतेने ती हमखास वाकते, म्हणून ती निकामी हेडला किंवा तितक्याच जाड, छिद्रे पाडलेल्या लोखंडी प्लेटला बोल्टने आवळूनच काम करावे. गाडीतल्या चालू हेडवर पूर्ण वेल्डिंग करू नये. एका पोर्टवर थोडे, मग पलीकडच्या पोर्टवर थोडे, असे आळीपाळीने जावे, आणि पूर्ण थंड होईपर्यंत बोल्ट सोडू नयेत. एवढे करूनही शेवटी फ्लँजचा पृष्ठभाग मिलिंग किंवा सरफेस ग्राइंडिंगवर सपाट करून घ्यावाच लागतो. गॅस्केट फ्लँजचे वाकणे भरून काढेल या भरवशावर राहू नये.

जाड पाईपच्या कडांना साडेसदतीस अंशांचा उतार द्यावा, टोकाला दीड मिलिमीटरची सपाट कड ठेवावी आणि दोन कडांत सुमारे २ मि.मी. फट राखावी. पातळ ट्यूबमध्ये उलट फट मुळीच नको. प्रकाश आरपार दिसणार नाही इतकी जुळणी कानशीने करावी. या जुळणीत घालवलेला वेळ पुढे दुप्पट परत मिळतो, कारण फट भरण्यासाठी ओतलेली जादा उष्णताच पाईप वाकवते. एका जोडाला निदान चार टाके मारावेत आणि ते समोरासमोर पडावेत.

खरा टर्बो जागेवर असताना वेल्डिंग कधीही करू नये. वीज त्याच्या बेअरिंगमधून वाट काढू शकते आणि तेथे झालेली इजा बाहेरून दिसत नाही. टर्बोच्या जागी त्याच्या मापाची फ्लँज आणि आधार वापरावा. गाडीवर एखादा टाका मारणे अपरिहार्य असेल तर बॅटरी आणि ईसीयूचे (इंजिनाच्या संगणकाचे) कनेक्टर आधी काढावेत, आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावावा.

सहावी पायरी: स्टेनलेसला आतून आर्गन

स्टेनलेसचा जोड बाहेरून कितीही सुंदर दिसला, तरी आतली बाजू उघड्या हवेत वितळली असेल तर तेथे काळे, खडबडीत दाणे तयार होतात. कारागीर याला शुगरिंग म्हणतात. हे दाणे ठिसूळ असतात, आणि ते सुटले की कोठे जातात हे आता सांगायला नको. म्हणून पाईपची तोंडे अॅल्युमिनिअमच्या फॉइलने आणि टेपने बंद करून खालच्या बाजूने आर्गन सोडावा, आणि वरच्या बाजूला लहान छिद्र ठेवावे. आर्गन हवेपेक्षा जड असल्याने तो खालून भरत जातो आणि हवेला वर ढकलतो. आतल्या आकारमानाच्या निदान पाच-सहा पट वायू वाहून गेल्यावरच वेल्डिंग सुरू करावी. शेवटचा तुकडा बंद करताना प्रवाह कमी करावा, नाहीतर आतला दाब वितळलेला धातू बाहेर फुंकतो. ७ घनमीटरचा भरलेला सिलिंडर टॉर्चच्या मिनिटाला १० लिटर प्रवाहाने सुमारे साडेअकरा तास पुरतो. आतूनही वायू सोडला की तो जवळजवळ निम्म्या वेळात संपतो, तेव्हा हिशेब आधीच करावा.

जोडाचा रंग पुष्कळ काही सांगतो. सोनेरी किंवा फिकट पिवळा रंग उत्तम, निळा चालण्यासारखा, आणि राखाडी-काळा म्हणजे उष्णता जास्त झाली किंवा वायूचे आवरण अपुरे पडले. स्टेनलेससाठी तारेचा ब्रश आणि ग्राइंडरची चकती वेगळी ठेवावी. साध्या पोलादावर वापरलेला ब्रश स्टेनलेसवर फिरवला, तर त्यावर लोखंडाचे कण बसतात आणि तेथूनच गंज सुरू होतो.

डाऊनपाईपविषयी थोडक्यात सांगता येईल. ५७ किंवा ६३ मि.मी. बाहेरच्या व्यासाची, दीड मिलिमीटर भिंतीची ३०४ ट्यूब घ्यावी, वळणे मँड्रेलवर (आत आधार घालून, चपटी न होऊ देता) वाकवलेली असावीत, आणि मध्ये एक लवचीक बेलो (घड्यांच्या नळीचा तुकडा) अवश्य घालावा, म्हणजे इंजिनाची हालचाल टर्बोच्या फ्लँजवर येत नाही. ऑक्सिजन सेन्सरचे बूच आडव्या रेषेपेक्षा निदान १० अंश वर राहील असे जोडावे, जेणेकरून त्यात पाणी साचणार नाही. व्ही-बँड फ्लँज (एकाच गोल क्लँपने आवळली जाणारी) जोडताना तिची जोडीदार फ्लँज क्लँपने आवळलेली ठेवावी.

सातवी पायरी: हवेचे पाईप

येथे व्यासाविषयीचा एक गैरसमज दूर करायला हवा. १२० अश्वशक्तीला मिनिटाला साधारण साडेपाच किलो हवा लागते. ०.६ बार बूस्ट आणि इंटरकूलरनंतरचे ५० अंश तापमान धरले, तर ४८ मि.मी. आतल्या व्यासाच्या पाईपमधून ही हवा सेकंदाला ३० मीटरच्या आतच वाहते, आणि हा वेग मुळीच अडचणीचा नाही. म्हणजे ५१ मि.मी. बाहेरचा व्यास जिप्सीला पुरेपूर आहे. ६३ मि.मी. पाईप घालून ताकद वाढत नाही, फक्त भरायचे आकारमान वाढते आणि बॉनेटखाली जागा कमी पडते.

एसी टिग मशिन किंवा तसा कारागीर हाताशी असेल तर अॅल्युमिनिअम घ्यावे. ५१ मि.मी. व्यासाचा, १.६ मि.मी. भिंतीचा दोन मीटर पाईप पोलादात सुमारे ३.९ किलो भरतो आणि अॅल्युमिनिअममध्ये १.३ किलोच्या आसपास. ६०६१ किंवा ६०६३ यांपैकी कोणतेही चालेल. अॅल्युमिनिअमवरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्या वर वितळतो, तर आतला धातू ६५० च्या आसपासच वितळतो, म्हणून जोडण्यापूर्वी कडा आणि फिलर अॅसिटोनने पुसून घ्याव्यात आणि त्यानंतर कडांवर स्टेनलेसचा नवा ब्रश फिरवावा. फिलर ४०४३ च वापरावे. ५३५६ अधिक मजबूत म्हणून सुचवले जाते, परंतु सतत ६५ अंशांच्या वर राहणाऱ्या जोडासाठी ते योग्य मानले जात नाही, कारण त्यातील मॅग्नेशियममुळे ताणाखाली गंजून तडे जाण्याचा धोका असतो. पहिल्या पायरीत आलेला १०० अंशांचा आकडा येथे निर्णय करतो.

एसी मशिन नसेल तर खंत करू नये. दीड मिलिमीटरचा ३०४ पाईप हवेच्या बाजूला उत्तम काम देतो. साधे पोलाद मात्र येथे टाळावे, विशेषतः कोकण आणि गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत, कारण आत धरलेला गंज सुटून सरळ इंजिनात जातो. ०.६ बारला ५१ मि.मी. पाईपच्या तोंडावर सुमारे साडेबारा किलोचा जोर येतो. तो होज निसटवू नये म्हणून पाईपच्या टोकाला उंचवटा हवाच. असा उंचवटा काढणारे बीड रोलर यंत्र नसेल तर टोकापासून थोडे आत टिगने सलग कडे काढून ते कानशीने गुळगुळीत करावे. होज सिलिकॉनची आणि क्लँप टी-बोल्टचे घ्यावेत.

सुरक्षेविषयी तीन गोष्टी

स्टेनलेसच्या धुरात षट्‌संयुजी क्रोमियम असते आणि ते कर्करोगकारक आहे. पंखा, उघडे दार आणि धातूच्या धुरासाठीचा योग्य मास्क यांवाचून हे काम करू नये. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या धातूवर ज्योत धरल्यास फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो, म्हणून पुसण्यासाठी फक्त अॅसिटोन वापरावे आणि ते पूर्ण उडून जाऊ द्यावे. बंद खोलीत किंवा सर्व्हिस पिटमध्ये आर्गन साचतो आणि ऑक्सिजनची जागा घेतो. त्याला वास नसतो, त्यामुळे तो कळत नाही. अशा जागी एकट्याने काम करू नये.

शेवटची पायरी: तपासणी

सर्व जोड थंड झाल्यावर रंगद्रव्याची चाचणी करावी. लाल द्रव लावून पुसल्यावर डेव्हलपर फवारला की बारीक तडेही लाल रेषेत उमटतात, आणि हा तीन डब्यांचा संच औद्योगिक वस्तूंच्या दुकानात मिळतो. हवेचे पाईप बंद करून १ बारपर्यंतच हवा भरावी आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. बंद पाईपात भरलेली हवा धोकादायक असते, म्हणून रेग्युलेटरशिवाय ही चाचणी करू नये आणि तोंडासमोर उभे राहू नये. मॅनिफोल्डच्या आत कॅमेऱ्याची नळी घालून प्रत्येक रूट डोळ्यांनी पाहावा, सुटणारे सर्व कण रोटरी बरने काढावेत, मग पाईप हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकून, हवेने फुंकून आणि धुऊन घ्यावा. टर्बो जोडण्याच्या दिवशी ही सफाई पुन्हा एकदा करावी.

साध्या पोलादाच्या मॅनिफोल्डला कापडी हीट रॅप गुंडाळू नये. तो धातूचे तापमान वाढवतो, ओलावा धरून ठेवतो आणि पापुद्रे लवकर आणतो. त्याऐवजी पत्र्याची उष्णतारोधक ढाल, मध्ये हवेची फट ठेवून, बसवावी. टर्बोचे वजन मॅनिफोल्डवर सोडून न देता ब्लॉकपासून एक आधार द्यावा, पण तो असा असावा की गरम झाल्यावर टर्बोला थोडे सरकता येईल. पहिल्यांदा इंजिन चालवून पूर्ण तापवावे, पूर्ण थंड होऊ द्यावे, आणि मग हेडचे तसेच टर्बोच्या फ्लँजचे नट ठरलेल्या टॉर्कने पुन्हा आवळावेत. असे तापवण्या-निवण्याचे तीन फेरे बूस्टशिवाय झाल्यानंतर पोर्टजवळचे जोड आणि टर्बोच्या फ्लँजखालचा जोड पुन्हा रंगद्रव्याने तपासावेत, कारण तडा जायचा असेल तर तो बहुधा येथेच आधी दिसतो. तडा सापडल्यास त्यावर नुसता वेल्डचा थर चढवू नये. तो ग्राइंडरने मुळापर्यंत उघडावा, त्याच्या दोन्ही टोकांना लहान छिद्र पाडावे, आणि नव्याने भरावा.